यीस्टची साक्ष

गेल्या महिन्यात जळगावात एका व्याख्यानानंतर सुरू झालेला वाद अजून शमलेला नाही. अंगावर आणि मज्जातंतूंवर गाठी आणणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे जनुक यीस्टमध्ये कसे अभ्यासता येते, हे एका संशोधक विद्यार्थिनीने अर्ध्या तासात मांडले. ती खाली बसते न बसते तोच, सातपुड्याच्या पाड्यांवर आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ डॉक्टर उठले आणि त्यांनी विचारले, "धडगाव-अक्कलकुव्यात सिकलसेलची पोरे तपासणीवाचून राहतात, आणि आपण पाव फुगवणाऱ्या बुरशीवर पैसा घालायचा?" त्यांना उत्तर देताना एका प्राध्यापकांनी सांगितले की उद्या कॅन्सरचे औषध याच यीस्टमधून आणि याच जळगावातून निघेल. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. पुढे वर्तमानपत्रांत पत्रे आली, महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले, आणि सगळी चर्चा एकाच जागी रुतून बसली: यीस्टमधून औषध निघणार की नाही?

माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी तसाच विचारला जात असल्यामुळे दोन्ही बाजूंची उत्तरेही चुकत आहेत. यीस्ट हा एक साक्षीदार आहे. साक्षीदाराला त्याने जे पाहिले तेवढेच विचारायचे असते. जे जनुक बिघडल्यामुळे माणसाला रोग होतो ते धडधाकट असताना पेशीत कोणते काम करते, एवढे यीस्ट पुष्कळदा फार स्पष्टपणे सांगते. गाठ कुठे येईल, किती वाढेल, कोणत्या गोळीने विरघळेल, हे ते सांगू शकत नाही. परंतु पहिली गोष्ट कळल्याशिवाय दुसऱ्या गोष्टीकडे जाण्याची वाटच सापडत नाही. म्हणून हे काम व्हायला हवे, आणि ते पुण्या-मुंबईपुरते न राहता खानदेशातल्या महाविद्यालयांतही व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. पस्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवल्यानंतर हे मत बनले आहे. ते का बनले, हे सांगताना विरोधातल्या सर्वांत बळकट मुद्द्यांना टाळून पुढे जाण्याची माझी इच्छा नाही.

आधी रोगाविषयी, कारण त्या संध्याकाळी सभागृहात रोगाविषयी कोणीच बोलले नाही. काही वर्षांपूर्वी धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या बसमध्ये मी एका बाईंच्या शेजारी बसलो होतो, कारण ती एकच जागा रिकामी होती आणि ती रिकामी का राहिली आहे हे मला लगेच दिसले. त्यांच्या मानेवर, हातांवर, कपाळावर वाटाण्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या मऊ गाठी होत्या. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. मांडीवर तीन वर्षांची मुलगी झोपलेली होती आणि तिच्या पोटरीवर दुधाळ चहाच्या रंगाचे दोन सपाट डाग होते. बोलता बोलता मी शिक्षक आहे असे कळल्यावर त्यांनी आवाज खाली घेऊन विचारले, "सर, मनी पोरले बी हाई व्हई का?" गावात हा महारोग समजला जात होता, त्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते. हा न्यूरोफायब्रोमॅटोसिस असावा, असे माझ्या मनात आले. पुढे धुळ्याच्या डॉक्टरांनी तेच निदान केले. तो स्पर्शाने पसरत नाही, एवढे मी त्यांना त्याच दिवशी ठामपणे सांगू शकलो. मुलीच्या प्रश्नाला मात्र मला अर्धेच उत्तर देता आले: आईकडून मुलाला तो मिळण्याची शक्यता प्रत्येक खेपेला निम्मी असते.

जर्मनीतील फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन १८८२ मध्ये केले. सुमारे तीन हजार जन्मांमागे एकाला तो होतो. निम्म्या रुग्णांच्या घरात तो आधी कोणालाच नसतो. बहुतेकांच्या गाठी साध्या असतात, काहींच्या मज्जातंतूंना वेढून वाढत जातात, आणि थोड्यांमध्ये त्यांचे रूपांतर घातक कर्करोगात होते. वर्णनानंतर शंभराहून अधिक वर्षे वैद्यकाकडे गाठ कापण्यापलीकडे काही नव्हते. याचे कारण डॉक्टर कमी पडले असे नाही. त्यांनी रुग्ण तपासले, वंशावळी जमवल्या, गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मग अडले कुठे? गाठीकडे कितीही टक लावून पाहिले तरी त्या ठिकाणी काय नाहीसे झाले आहे ते दिसत नाही. जे आहे ते सूक्ष्मदर्शकात दिसते, जे गेले ते दिसत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी सतराव्या गुणसूत्रावरचे हे जनुक शोधून काढले. त्याचे नाव एनएफ-१ ठेवले गेले. जनुक सापडले म्हणजे रोग समजला असे बाहेरच्या माणसाला वाटते. वास्तविक त्या दिवशी हातात होती ती अक्षरांची एक लांबलचक माळ, जिचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता. ती माळ तोवर ज्ञात असलेल्या प्रथिनांशी ताडून पाहिली तेव्हा तिच्या मधल्या तुकड्याचे साम्य यीस्टमधल्या इरा-१ आणि इरा-२ या जनुकांशी निघाले. ही जनुके जपानमधील संशोधकांनी नुकतीच शोधली होती, आणि ती शोधताना त्यांच्यापुढे कोणताही रुग्ण नव्हता; यीस्टची पेशी वाढायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा हे कसे ठरवते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. इरा जनुकांचे काम त्यांना कळले होते. रॅस नावाचे एक प्रथिन पेशीला 'वाढ' असा आदेश देते आणि इरा तो आदेश बंद करते. म्हणजे इरा हा ब्रेक आहे. त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले की माणसाच्या एनएफ-१ जनुकाचा तो मधला तुकडा इरा नसलेल्या यीस्टमध्ये घातला की यीस्टचा ब्रेक पुन्हा लागतो. शतकभर न सुटलेले कोडे काही महिन्यांत सुटले: या रुग्णांच्या पेशींत रॅसचा ब्रेक गेलेला असतो.

हा प्रयोग किती साधा आहे, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. खाणे संपत आले की यीस्टची शहाणी पेशी विभाजन थांबवते, ग्लायकोजेन नावाची साखर साठवते, आपली भिंत जाड करते आणि दिवस काढते. उन्हाळा येण्याआधी कणगी भरून, तोंड लिंपून ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यासारखे तिचे वागणे असते. इरा गेलेल्या पेशीला मात्र थांबण्याचा आदेश पोचतच नाही. ती सुगी चालू असल्यासारखी वाढत राहते, साठा करत नाही, आणि थोडा वेळ कडक उष्णता लागली की मरते. विद्यार्थिनीने मला तिच्या प्रयोगशाळेत हे दाखवले. काचेच्या बशीत आयोडीनचे काळपट खडे ठेवलेले होते. वसाहती वाढलेली थाळी तिने त्यावर उपडी धरली. दोन-तीन मिनिटांत आयोडीनच्या वाफेने धडधाकट यीस्टचे ठिपके काथाच्या रंगाचे झाले, कारण त्यांच्यात साठा होता. इरा काढलेले ठिपके फिकट, पिवळसर राहिले. तिसऱ्या ओळीत इरा काढून माणसाच्या जनुकाचा तुकडा घातलेले यीस्ट होते. त्या ओळीवर हळूहळू तपकिरी रंग चढत गेला. शिरपूरच्या बसमधल्या बाईंच्या शरीरात जी गोष्ट बिघडलेली आहे तिचे काम आपण एका थाळीवर, उघड्या डोळ्यांनी, चहा थंड होण्याच्या आत पाहत आहोत, ही जाणीव मला त्या क्षणी फार खोल भिडली.

माणसाचे जनुक यीस्टमध्ये चालावे, यात कोणाला चमत्कार वाटेल. परंतु आपले आणि यीस्टचे पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि तेव्हापासून पेशीची मूलभूत यंत्रणा दोन्हींकडे पुष्कळशी तीच राहिली. टेक्सासमधील एका गटाने २०१५ मध्ये यीस्टला जगण्यासाठी अत्यावश्यक असलेली चारशेहून अधिक जनुके एकेक करून काढली आणि त्या जागी माणसाची बसवली. जवळजवळ निम्म्या वेळा यीस्ट जगले. शिवाय यीस्टची पेशी प्रत्येक जनुकाची एकच प्रत घेऊनही जगू शकते, त्यामुळे बिघाड तत्काळ दिसतो. माणसात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि या विकारात एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी गाठ येते ती दुसरीही एखाद्या पेशीत गेल्यावर. म्हणूनच गाठींकडे पाहून कारण शोधणे इतके अवघड गेले.

आता विरोधकांचे म्हणणे. डॉक्टरांचा पैशाविषयीचा मुद्दा नंतर घेतो. त्याहून खोल मुद्दा शास्त्रीय आहे, आणि तो त्या चर्चेत कोणीच नीट मांडला नाही म्हणून तो मलाच मांडावा लागत आहे. यीस्टला मज्जातंतू नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत. न्यूरोफायब्रोमा, म्हणजे या विकारातली गाठ, ही एका पेशीची करणी नसते. मज्जातंतूला वेढणाऱ्या 'श्वान' नावाच्या पेशी, आजूबाजूच्या पेशी आणि दाह निर्माण करणाऱ्या पेशी मिळून ती गाठ घडते. एकट्या पेशीला समाजाविषयी काय ठाऊक असणार? त्याहून गंभीर बाब अशी की यीस्टमधले रॅस ज्या साखळीला आदेश देते ती साखळी माणसातल्या रॅसच्या साखळीहून वेगळी आहे. ब्रेक तोच आहे, परंतु चाके दुसरी आहेत.

या फरकाची किंमत प्रत्यक्षात मोजली गेली आहे. रॅसला काम करण्यासाठी पेशीच्या पडद्याला चिकटावे लागते आणि त्यासाठी त्याच्या टोकाला फार्नेसिल नावाची एक तेलकट शेपटी जोडली जाते, हे समजण्यात यीस्टचा मोठा वाटा होता. मग ही शेपटी जोडणारे विकरच अडवले तर रॅस लुळे पडेल, हा तर्क किती सरळ वाटतो! त्या तर्कावर औषधे बनली, मोठ्या आशेने रुग्णांपर्यंत गेली, आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या मुलांवर व तरुणांवर झालेल्या चाचणीत टिपिफार्निब या औषधाने गाठींची वाढ म्हणावी तशी लांबवली नाही. त्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या काही रॅस प्रथिनांना फार्नेसिल मिळाले नाही तर ती दुसरी तेलकट शेपटी लावून घेतात, हे याआधीच उघड झाले होते. जो यीस्टचा पुरस्कार करतो त्याने हा इतिहास सांगितलाच पाहिजे. मुलांच्या आयुष्यातली वर्षे त्यात गेली आहेत.

मग यीस्टची साक्ष खोटी ठरली का? नीट पाहिले तर यीस्टने जे सांगितले ते खरेच होते: शेपटीवाचून रॅस चालत नाही. चूक झाली ती एका पेशीच्या साक्षीवरून संपूर्ण शरीराचा निवाडा करण्यात. यावर "मग आपल्या जवळचा प्राणी घ्या, उंदीर घ्या" असे म्हणणाऱ्यांनी १९९४ चे उंदरांवरचे काम आठवावे. ज्या उंदरांची एनएफ-१ ची एक प्रत काढली त्यांना माणसासारख्या गाठी आल्याच नाहीत. ज्यांच्या दोन्ही प्रती काढल्या ते हृदयाच्या दोषाने गर्भातच मेले. उंदीर आपल्या कितीही जवळचा असला तरी त्यानेही सरळ उत्तर दिले नाही, आणि पुढची कित्येक वर्षे विशिष्ट पेशींतच जनुक बंद करण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. त्या युक्त्या शोधणाऱ्यांना आपण कोणते काम बंद पाडत आहोत हे आधीच माहीत होते, कारण ते १९९० मध्येच कळले होते. जवळचा आणि दूरचा असा हा झगडा नाही. कोणाला कोणता प्रश्न विचारायचा, याचा विवेक हवा.

आणि औषधाचेच म्हणाल तर शेवटी एक आले. रॅसच्या आदेशाच्या माणसातल्या साखळीत मेक नावाचे एक प्रथिन आहे, आणि ते अडवणाऱ्या सेलुमेटिनिबला अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मुलांमधील मोठ्या, वेढून वाढणाऱ्या गाठींसाठी मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली त्यात ५० मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या गाठी पाचव्या हिश्शाने किंवा अधिक आकसल्या. त्या नाहीशा झाल्या नाहीत. पण श्वासनलिकेवर दाब आणणारी गाठ पाचव्या हिश्शाने आकसणे म्हणजे काय, हे त्या मुलाच्या आईला विचारावे. रॅस बेलगाम झाले आहे हे ठाऊक नसते, तर त्या साखळीतली एक कडी अडवण्याची कल्पना कोणाला सुचली असती? मेकचे जनुक १९९२ मध्ये सापडले तेव्हा त्याचे जवळचे भाऊबंद यीस्टमध्ये आधीच ओळखीचे होते. यीस्टच्या पेशी एकमेकींशी संकर कसा करतात याचा अभ्यास करताना ते सापडले होते.

परंतु मला औषधाच्या उदाहरणावर सगळा भार टाकायचा नाही, कारण मग मीही त्याच चुकीच्या प्रश्नात अडकेन. ज्या गोष्टीत औषध निघालेच नाही आणि तरीही माणसे वाचली, अशी गोष्ट सांगतो. १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञांना त्यांच्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितले की आपल्या घराण्यात सगळे कर्करोगाने जातात, मीही जाणार. त्या तशाच गेल्या. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली, पुढे हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात अशी आणखी घराणी शोधली, आणि आतड्याच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाचा हा वारसा आज लिंच सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. जवळजवळ शंभर वर्षे वंशावळी वाढत गेल्या, कारण मात्र सापडले नाही. १९९३ मध्ये अशा रुग्णांच्या गाठींत डीएनएमधले आखूड, पुनःपुन्हा येणारे तुकडे विस्कटलेले दिसले. याचा अर्थ काय? त्याच वर्षी यीस्टच्या अभ्यासकांनी सांगितले की यीस्टमध्ये डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी जनुके बिघडली की नेमके असेच होते. मग माणसात ते दुरुस्तीचे जनुक शोधायचे एवढेच उरले, आणि डिसेंबर संपण्याच्या आत ते सापडले. आज अशा घराण्यातल्या कोणाला दोष आहे आणि कोणाला नाही हे रक्ताच्या तपासणीत कळते. ज्यांना आहे त्यांच्या आतड्याची दुर्बीण घालून वेळोवेळी पाहणी होते आणि गाठ कर्करोग होण्याआधी काढली जाते. ज्यांना नाही त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार उतरते. यात यीस्टने एकही गोळी दिली नाही. "औषध कधी?" एवढ्या एकाच मापाने मोजले तर या कामाची किंमत शून्य भरेल, आणि माप किती खोटे आहे हे त्यावरूनच कळेल.

आता पैशाचा आणि सिकलसेलचा मुद्दा. डॉक्टर जे म्हणाले त्यामागचा राग मी मान्य करतो, कारण तो खरा आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेलचा वारसा मोठ्या प्रमाणावर आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि त्यासाठी २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठरले, तरी पाड्यावरच्या माणसाला तपासणी, समुपदेशन आणि गोळ्या नियमित मिळणे हे वेगळेच काम आहे. एखाद्या रुग्णाच्या गोळ्यांचे पैसे काढून ते यीस्टला द्या, असे कोणी म्हणत असेल तर मी डॉक्टरांच्या बाजूने उभा राहीन. तसे कोणी म्हणत आहे का? आयोडीनचे खडे, अगार, साखर, तीस अंशांवर ठेवणारी एक पेटी आणि दीड-दोन तासांत दुप्पट होणारी एक पेशी, एवढ्यावर हे काम चालते. आरोग्याच्या आणि संशोधनाच्या तरतुदी वेगळ्या पेट्यांतून येतात, आणि एक पेटी रिकामी केल्याने दुसरी आपोआप भरत नाही, हे डॉक्टरांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

शिवाय सिकलसेलच्या रुग्णांना दिली जाणारी हायड्रॉक्सीयुरिया तरी कुठून आली? ती जर्मनीत १८६९ मध्ये बनवली गेली, तेव्हा सिकलसेल हा रोग वैद्यकाला माहीतही नव्हता. आधी ती रक्ताच्या कर्करोगात वापरली गेली आणि सिकलसेलसाठी अमेरिकेत तिला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आज यीस्टच्या प्रयोगशाळांत तीच हायड्रॉक्सीयुरिया डीएनएची नक्कल मध्येच थांबवण्यासाठी रोज वापरली जाते. सिकलसेलवरचा जनुक-संपादनाचा जो उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाला, त्याच्या मुळाशी असलेली क्रिस्पर यंत्रणा जिवाणूंचे विषाणूंपासून रक्षण करते हे २००७ मध्ये ज्या जिवाणूवर सिद्ध झाले, तो दही लावणारा जिवाणू आहे. दह्याच्या विरजणावर काम करणाऱ्या त्या लोकांना कोणी "अक्कलकुव्यातल्या पोरांचे काय?" असे विचारून थांबवले असते तर? त्या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर आहे आणि धडगावच्या एकाही घराला ती आज परवडणार नाही, हे मी दडवत नाही. ते अन्याय्य आहे. परंतु तो अन्याय किमतीचा आहे, विरजणाचा नाही, आणि त्याच्याशी लढताना ज्ञानाच्या बाजूने उभे राहूनच लढावे लागेल.

खानदेशाला तर हे दुसऱ्यांकडून शिकण्याची गरज पडू नये. रावेर-यावलच्या मळ्यांत आज टिश्यूकल्चरची जी केळी उभी आहे तिची रोपे काचेच्या बाटलीत ज्या खाद्यावर वाढतात, ते मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशी वाढवण्यासाठी तयार केले. केळीचे नाव त्यांच्या डोक्यात नव्हते. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका सुट्या पेशीतून संपूर्ण झाड वाढेल का, असा प्रश्न विचारला आणि त्यांचे स्वतःचे सगळे प्रयोग फसले. आमचे एकसारखे घड, ठरलेल्या महिन्यात येणारी कापणी आणि त्यावर उभे राहिलेले संसार या फसलेल्या प्रयोगांवर आणि तंबाखूच्या खाद्यावर उभे आहेत. केळीउत्पादकाच्या मुलीने यीस्टवर काम केले तर तिला "याचा आपल्याला काय उपयोग?" असे विचारणारा समाज आपल्याच बांधावरचा दाखला विसरला आहे.

ज्या प्राध्यापकांनी औषधाचे आश्वासन दिले त्यांच्याशीही माझे भांडण आहे, आणि ते मनापासून आहे, कारण ते माझ्याच बाजूचे आहेत. रापामायसिन या औषधाची गोष्ट ते उदाहरण म्हणून देतात, तेव्हा ती निम्मीच सांगतात. १९६४ च्या अखेरीस ईस्टर बेटावर गेलेल्या कॅनडाच्या मोहिमेने आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूतून हे द्रव्य निघाले. मॉन्ट्रियलमध्ये काम करणारे आपल्याकडचे शास्त्रज्ञ सुरेन सेहगल आणि त्यांचे सहकारी ते बुरशीनाशक म्हणून अभ्यासत होते. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे यीस्टवरच कळले की हे द्रव्य पेशीतल्या टॉर नावाच्या प्रथिनाला धरते. पुढे ट्यूबरस स्क्लेरोसिस या दुसऱ्या गाठींच्या विकारात हेच टॉर बेलगाम झालेले असते असे सिद्ध झाले, आणि २०१० मध्ये त्याच कुळातले एव्हरोलिमस मेंदूतल्या विशिष्ट गाठींसाठी मान्य झाले. इथवर सगळे सांगतात. पण त्या विकाराची दोन जनुके पावाच्या यीस्टमध्ये मुळातच नाहीत. ती आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून ओळखल्या गेलेल्या पोम्बे या दुसऱ्या यीस्टमध्ये आहेत, आणि बाकीचा दुवा जुळायला फळमाश्यांवरचे आणि माणसांच्या पेशींवरचे काम लागले. मातीपासून त्या मान्यतेपर्यंत पंचेचाळीस वर्षे गेली. ज्या सभेत हे न सांगता "उद्या" हा शब्द उच्चारला जातो, त्या सभेत बसलेल्या एखाद्या आईला आपण फसवत असतो. आणि तो उद्या आला नाही की लोक विज्ञानावरच रुसतात.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी नेमके काय करता येईल? जनुकीय तपासणीच्या अहवालांत "अर्थ अनिश्चित" असा शेरा मारलेले बदल आता आपल्याकडच्या कुटुंबांना मिळू लागले आहेत. जगातल्या माहितीच्या भांडारांत आपल्या लोकांची नोंद तोकडी असल्यामुळे आपल्या वाट्याला हा शेरा अधिक येतो. एक अक्षर बदललेले आहे. त्याने ब्रेक गेला की शाबूत आहे? तो बदल माणसाच्या तुकड्यात करायचा, तो तुकडा इरा नसलेल्या यीस्टमध्ये घालायचा, आणि आयोडीनच्या थाळीवर तिसरी ओळ रंगते का ते पाहायचे. हे पदव्युत्तर वर्गातली मुले करू शकतात. त्याला निदानाचा दर्जा कोणी देऊ नये. दुजोरा दुसऱ्या पद्धतींनीच मिळायला हवा. शिवाय एनएफ-१ च्या प्रथिनात २८१८ अमिनो आम्ले आहेत आणि यीस्ट ज्या मधल्या तुकड्याविषयी बोलू शकते तो त्याचा जेमतेम आठवा हिस्सा आहे. उरलेल्या सात हिश्श्यांबाबत ही थाळी मुकी आहे, हे प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या चित्रावर लिहिलेले असावे, असे मी त्या विद्यार्थिनीला सांगितले आणि तिने ते लिहिलेही.

शिरपूरच्या त्या बाई अधूनमधून फोन करतात. धुळ्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मायलेकींची तपासणी झाली आणि गेल्या दिवाळीत अहवाल आला. त्यात दोघींच्या नावापुढे एकच बदल आणि तोच शेरा होता. मी तो कागद घेऊन विद्यार्थिनीकडे गेलो आणि आम्ही दोघांनी बोट ठेवून जागा मोजली. बदल मधल्या तुकड्याच्या बाहेर, बराच पुढे निघाला. मी फोन करून बाईंना सांगितले की आमची थाळी तुमच्या मुलीविषयी काही सांगू शकत नाही, तिचे डाग दर सहा महिन्यांनी मोजून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा न्या. विद्यार्थिनी आता प्रथिनाच्या त्या पुढच्या भागाचे काम यीस्टमध्ये कशा रीतीने दिसू शकेल, यावर वाचत बसली आहे.